मूळ अवयवांचा एक खेळ

मी सातपाटीचा एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालों, अध्यापनाचें शिक्षण घेतलें आणि उभें आयुष्य प्राथमिक शाळेच्या वर्गांत घालविलें. गणितांतील माझा अधिकार सातवीच्या पुस्तकापलीकडे जात नाहीं. मग गणितावर बोलण्याचें धाडस मी कां करतों, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर असें कीं, आज सांगणार आहें ती गोष्ट सातवीच्याच पुस्तकांतून निघते. परंतु पुढें ती अशा ठिकाणीं जाते कीं, तेथें मोठमोठ्या पंडितांचाहि अधिकार संपतो. शिवाय या गोष्टींत माझी स्वतःची एक चूक आहे. ती चारचौघांत सांगावी, असें पुष्कळ दिवस माझ्या मनांत होतें.

आरंभीं थोडी उजळणी करूं. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. दोन, तीन, पांच, सात, अकरा, तेरा या मूळ संख्या होत. एकाहून मोठ्या बाकीच्या साऱ्या संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकारानें बनलेल्या असतात. साठाचे अवयव कोणी ‘बारा पंचे साठ’ म्हणून पाडावयास लागो, कोणी ‘पंधरा चोक साठ’ म्हणून. शेवटीं दोघांच्याहि हातीं दोन, दोन, तीन आणि पांच हेच चार मूळ अवयव येतात. माणसाला आपलें कूळ बदलतां येत नाहीं, तशी संख्येलाहि आपलीं मुळें बदलतां येत नाहींत.

आतां गोष्ट सांगतों. ती १९८९ सालच्या पावसाळ्यांतील आहे. त्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात, समुद्र खवळलेला असतो, आणि एरवीं मासळीच्या घाईंत ज्या मुलांना शाळेची सवड नसते, तींहि वर्गांत दिसूं लागतात. मी सातवीला अवयव पाडणें शिकवीत होतों. एका कोळ्याच्या मुलाला मीं फळ्यावर दहाचे अवयव लिहावयास सांगितले. त्यानें दोन लिहिला, पांच लिहिला, आणि मधलें गुणाकाराचें चिन्ह लिहावयाचें विसरला. फळ्यावर दिसले पंचवीस! वर्ग हंसला. मीहि थट्टेनें म्हणालों, “ठीक आहे बाबा, तुझे दहाचे पंचवीस झाले. आतां पंचविसाचे अवयव पाड.” तो घाबरला नाहीं. पांच आणि पांच, असे त्यानें पुन्हां जवळजवळ लिहिले, झाले पंचावन्न. पंचावन्नाचे अवयव पांच आणि अकरा. झाले पांचशें अकरा. पांचशें अकराला सातानें भाग जातो, भागाकार त्र्याहत्तर. झाले सातशें त्र्याहत्तर. येथें मात्र साराच वर्ग अडला. सातानें भाग जाईना, अकरानें जाईना, तेरानें जाईना. तास संपतां संपतां निश्चित झालें कीं, ७७३ ही मूळ संख्या आहे. खेळ संपला.

मुलांना या खेळाची गोडी लागली. नियम तरी किती सोपा! कोणतीहि संख्या घ्यावी. तिचे मूळ अवयव लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनें जवळजवळ लिहावे. जी नवी संख्या दिसेल तिचे पुन्हां तसेंच करावें. मूळ संख्या आली कीं थांबावें. आपल्यापैकीं ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं पंधरा ही संख्या घेऊन पाहावी. तीन आणि पांच, म्हणजे ३५. पांच आणि सात, म्हणजे ५७. तीन आणि एकोणीस, म्हणजे ३१९. अकरा आणि एकोणतीस, म्हणजे ११२९. आणि ही मूळ संख्या आहे. चार पावलांत वाट संपली.

दुसऱ्या दिवशीं त्याच मुलानें एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “गुरुजी, हें गोल गोल फिरत राहिलें तर?” म्हणजे फिरून पहिल्याच संख्येवर आलों तर खेळ कधींच संपणार नाहीं, अशी त्याची शंका. प्रश्न चांगला होता, आणि त्याचें उत्तर त्या दिवशीं मला देतां आलें. तीन आणि एकोणीस यांचा गुणाकार ५७. परंतु ते जवळजवळ लिहिले म्हणजे ३१९, अर्थात् तीनशें आणि एकोणीस. एकोणीस हे शंभराहून लहान, म्हणून तीन गुणिले एकोणीस हे तीन गुणिले शंभराहून लहानच असणार. दोन अंकांच्या ठिकाणीं कितीहि अंकांचा अवयव घेतला तरी हाच युक्तिवाद लागू पडतो. तात्पर्य, अवयव जवळजवळ लिहून झालेली संख्या ही मूळच्या संख्येपेक्षां नेहमीं मोठीच असते. वाट पुढेंच जाते, मागें वळत नाहीं. ती एकतर मूळ संख्येपाशीं संपेल, नाहींतर कधींच संपणार नाहीं. तिसरा मार्ग नाहीं.

त्या मुलाचें यानें समाधान झालें, आणि तो घरीं जाऊन आठाच्या मागें लागला.

आठाचे अवयव दोन, दोन, दोन, म्हणून २२२. त्याचे दोन, तीन आणि सदतीस, म्हणून २३३७. त्याचे तीन, एकोणीस आणि एक्केचाळीस, म्हणून ३१९४१. त्याचे तीन वेळां तीन, एक सात आणि दोन वेळां तेरा, म्हणून ३३३७१३१३. चार-पांच दिवसांनीं त्यानें वही आणून दाखविली. या आठ अंकी संख्येला त्यानें तिनानें भाग दिला होता आणि १११२३७७१ हा भागाकार काढला होता. पुढें चार पानें नुसते भागाकारच होते: सातानें, अकरानें, तेरानें, सतरानें, असे शंभरापर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणीं बाकी उरत होती. तो म्हणाला, “गुरुजी, पुढें जमत नाहीं. आठाचें पुढें काय होतें?”

श्रोतेहो, मला तें ठाऊक नव्हतें. ‘मला ठाऊक नाहीं’ हे तीन शब्द उच्चारले असते म्हणजे पुरे होतें. पण तपासणीचे दिवस जवळ आले होते, अभ्यासक्रम मागें पडला होता, आणि खरें बोलावयाचें तर, विद्यार्थ्यापुढें अडण्याची मला लाज वाटली. मीं म्हणालों, “आठासारख्या लहानशा संख्येचें एवढें अवडंबर होईल कसें? तुझ्या हातून कोठेंतरी भागाकार चुकला आहे. वेळ फुकट घालवूं नकोस.” एवढ्यावर न थांबतां मीं लाल पेन्सिलीनें त्या चारहि पानांवर फुल्या मारल्या. त्यानें वही मिटली. पुढें वर्षभरांत तो शाळा सोडून होडीवर गेला. तो माझ्यामुळेंच गेला असें मी म्हणत नाहीं. आमच्या गांवांत मुलें होडीवर जातातच. परंतु पुन्हां त्यानें मला प्रश्न विचारला नाहीं, हें मात्र खरें.

त्याचा भागाकार चुकला नव्हता. १११२३७७१ ही मूळ संख्या आहे. तसें हातानें सिद्ध करावयाचें तर ३३३५ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनीं, म्हणजे चारशेंहून अधिक संख्यांनीं, भाग देऊन पाहावें लागतें. तो मुलगा शंभरापर्यंत पोंचला होता आणि योग्य दिशेनें चालला होता. हें मला पंचवीसएक वर्षांनीं समजलें. सेवानिवृत्तीनंतर नातवानें मला संगणकावर अवयव पाडण्याची युक्ति दाखविली, तेव्हां सहज आठवण होऊन मीं आठ हा आंकडा घातला. दोनशें बावीस, तेवीसशें सदतीस... आणि मग तीन तिनें, एक सात, दोन वेळां तेरा अशी ती आठ अंकी संख्या समोर आली. वहीचें तें पान आणि त्यावरची माझी लाल फुली, दोन्हीं मला एकदम आठवलीं.

पुढें मीं जी माहिती मिळविली ती अशी कीं, हाच खेळ परदेशांतहि खेळला गेला आहे. जेफ्री हेलीन या गृहस्थांनीं १९९० नंतरच्या दशकांत या संख्यांवर लेख लिहिले. वाट जेथें संपते त्या मूळ संख्येला तिकडे ‘घरची मूळ संख्या’ अशा अर्थाचें नांव पडलें आहे. दहाचें घर ७७३, पंधराचें घर ११२९. मग आठाचें घर कोणतें? ती वाट एकंदर तेरा पावलांची आहे. चौथ्या पावलावर आमचा मुलगा थांबला होता. पांचव्यावर ३१११२३७७१ येते. सहाव्यावर दहा अंकी, सातव्यावर अकरा अंकी. अशी वाढत वाढत तेराव्या पावलावर एकोणीस अंकांची एक मूळ संख्या येते. ती मी सावकाश वाचतों: ३३३१११३९६५३३८६३५१०७. आठासारख्या एका अंकाचें घर इतकें लांब! आणि गंमत अशी कीं, आठाच्या दुपटीचें, म्हणजे सोळाचें घर, अवघ्या चार पावलांवर आहे: २२२२, २१११०१, ३११६३९७, आणि ३१६३६३७३. ‘आठासारख्या लहानशा संख्येचें एवढें अवडंबर होईल कसें,’ हा माझा प्रश्न किती अडाणीपणाचा होता, हें यावरून आपल्या ध्यानांत येईल. संख्या लहान, म्हणून तिची वाट आंखूड, असा नियम नाहीं.

या ठिकाणीं एका थोर शाळामास्तरांचें स्मरण केल्यावांचून राहवत नाहीं. आमच्याच रेल्वेमार्गावर पालघरच्या उत्तरेस डहाणू आहे. तेथें १७ जानेवारी १९०५ रोजीं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. मोठी पदवी नाहीं, विद्यापीठांतील जागा नाहीं; पण संख्यांचा छंद जन्मभर. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं एका अमेरिकन मासिकांतील आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि मग त्यांची कीर्ति जगभर झाली. १९८६ सालीं ते वारले. त्यांचा चार अंकांचा खेळ आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. सारे अंक सारखे नाहींत अशी चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमानें लिहावे, त्यांतून चढत्या क्रमानें लिहिलेली संख्या वजा करावी, आणि असेंच करीत जावें. जास्तींत जास्त सात पावलांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढें तीच येत राहते. कापरेकरांचें जन्मसालच घ्या. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पावलावर ६१७४. बरोबर सात पावलें!

या दोन खेळांत फरक कोणता, तोहि पाहण्याजोगा आहे. कापरेकरांच्या खेळांत संख्या चार अंकांबाहेर जाऊंच शकत नाहीं. कुंपण ठरलेलें आहे, आंत संख्या मोजक्या आहेत. तेव्हां आज ना उद्यां एखादी संख्या पुन्हां भेटणारच. नवल आहे तें हें कीं, सगळ्या वाटा एकाच संख्येवर येऊन मिळतात. आपल्या अवयवांच्या खेळाला मात्र कुंपण नाहीं. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, कापरेकरांची होडी खाडींत फिरते आणि ही होडी समुद्रांत जाते. आणि समुद्रांत गेलेली प्रत्येक होडी घरीं येतेच, असें कोणी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं.

एकोणपन्नासाची वाट ही अशी आहे. सात साते एकोणपन्नास, म्हणून ७७. सात आणि अकरा, म्हणून ७११. तीन, तीन आणि एकोणऐशीं, म्हणून ३३७९. एकतीस आणि एकशें नऊ, म्हणून ३११०९. येथपर्यंत सातवीचा मुलगा सहज येईल. त्यापुढें १३२३९३, मग ३४४१३१, मग १७३१६५३. जगांतील हौशी आणि जाणत्या लोकांनीं शक्तिमान् संगणकांच्या साहाय्यानें ही वाट शंभराहून अधिक पावलें चालून पाहिली आहे. संख्या अडीचशें अंकांच्या घरांत पोंचली आहे, आणि मूळ संख्या अद्याप आलेली नाहीं. शंभरापर्यंतच्या संख्यांपैकीं फक्त दोघींचें घर सांपडलेलें नाहीं: एक ४९, आणि दुसरी तिच्याच वाटेवरची ७७.

एवढे संगणक असतांना हें अडतें कोठें? तें अडतें अवयव पाडण्यांत. गुणाकार करणें सोपें, अवयव पाडणें कठीण. आपल्या देशांत नारायण पंडितांनीं १३५६ सालीं ‘गणितकौमुदी’ हा ग्रंथ रचला. त्यांत अवयव पाडण्याची एक सुंदर रीत आहे. फ्रान्समधील फर्मा यांनीं हीच रीत सतराव्या शतकांत दिली. चौदाच्या वाटेवर ३३३७ ही संख्या येते, तिच्यावर ही रीत चालवूं. तिच्याहून मोठा असा जवळचा वर्ग ५८ चा, म्हणजे ३३६४. वजाबाकी सत्तावीस, हा वर्ग नव्हे. पुढचा ५९ चा वर्ग ३४८१. वजाबाकी १४४, हा बाराचा वर्ग. झालें! ५९ उणे १२ म्हणजे ४७, आणि ५९ अधिक १२ म्हणजे ७१. हेच ३३३७ चे अवयव. दोन प्रयत्नांत काम झालें, कारण अवयव एकमेकांच्या जवळ होते. ते दूरदूर असले, आणि संख्या शेंदोनशें अंकांची असली, म्हणजे ही रीत थकते. याहून पुष्कळ चांगल्या रीति आज आहेत, पण त्याहि कांहीं मर्यादेनंतर थकतात. या थकण्याचा उपयोगहि माणसानें करून घेतला आहे. १९७७ सालीं तिघां शास्त्रज्ञांनीं, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर ठेवून निरोप गुप्त राखण्याची पद्धति शोधून काढली. संगणकांवरील गुप्त व्यवहारांत ती आजहि उपयोगांत आहे.

एकोणपन्नासाची वाट कधींतरी संपेल काय? जाणत्यांचा अंदाज असा कीं, संपावी. शंभर अंकी संख्यांत सरासरीनें दर दोनशें तीस संख्यांमागें एक मूळ असते. आपल्या वाटेवरच्या संख्येचा शेवटचा अंक हा मागच्या संख्येच्या शेवटच्या मूळ अवयवाचा असतो. म्हणून तो बहुधा एक, तीन, सात किंवा नऊच असतो, आणि मूळ संख्या मिळण्याची संधि थोडी वाढते. संख्या वाढेल तशी ही संधि कमी होत जाते, पण ती कधीं शून्य होत नाहीं; आणि वाट जितकी लांबेल तितक्या नव्या संधि मिळतच राहतात. परंतु श्रोतेहो, अंदाज म्हणजे सिद्धता नव्हे. प्रत्येक संख्येला घर आहे, असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. एखादी संख्या अखंड भटकत राहते, असेंहि कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.

आतां माझ्या गोष्टीचा शेवट. तो मुलगा आज बोटीवर तांडेल आहे, त्याचीं मुलेंहि मोठीं झालीं आहेत. संगणकानें माझी चूक दाखविल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतों. तिसऱ्या दिवशीं बंदरावर जाऊन त्याला गांठलें. तो जाळें दुरुस्त करीत बसला होता. मीं म्हणालों, “बाबा, सातवींत असतांना तुझ्या वहीवर मीं फुली मारली होती. तुझें गणित बरोबर होतें. चूक माझी होती.” त्याला आठवत नसेल, अशी मला मनांतून आशा होती. पण त्याला चांगलें आठवत होतें. तो क्षणभर हातांतील काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तें राहूं द्या, गुरुजी. आठाचें पुढें काय झालें, तेवढें सांगा.”

मीं खिशांतील कागद काढून ती एकोणीस अंकी संख्या त्याला दिली. त्यानें ती दोनदां वाचली आणि तेरा पावलें बोटांवर मोजलीं. नंतर त्यानें विचारलें, “सगळ्यांचाच शेवट असा लागतो काय?” तीस वर्षांपूर्वीं मला जमलें नाहीं, तें या वेळीं जमलें. मीं म्हणालों, “मला ठाऊक नाहीं. कोणालाच ठाऊक नाहीं. एकोणपन्नासाचा अजून लागलेला नाहीं.” त्यानें मान डोलाविली, आणि त्याच कागदाच्या मागल्या बाजूला ४९ लिहून घेतले.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. मूल जेव्हां आपल्याला उत्तर येत नाहीं असा प्रश्न विचारतें, तेव्हां तें आपल्याला कमीपणा आणीत नसतें; ज्या ठिकाणीं आपलें ज्ञान संपतें, त्या ठिकाणापर्यंत तें आपल्या पायांनीं चालत आलेलें असतें. तेथें लाल पेन्सिल बाहेर काढूं नये. आणि ज्या बालश्रोत्यांनीं आज कागद-पेन्सिल घेतली असेल, त्यांनीं वीस ही संख्या घेऊन पाहावी. दोन, दोन आणि पांच, म्हणजे २२५. एवढें पहिलें पाऊल मीं सांगितलें. पुढची वाट लांब आहे, पण तिला शेवट आहे. भाग जाईना म्हणून वही मात्र मिटूं नये.